सभासद यादी आणि ऊस नोंद जुळवायची आहे: नावं किती 'स्वच्छ' करावीत, रकाना कसा जुळवावा?

शेतकी_संगणक विचारतात:

दोन याद्या जुळवायच्या आहेत. 'अ' ही सहकारी साखर कारखान्याची सभासद यादी. १८,००० नोंदी, सगळी देवनागरी, आणि नाव एकाच रकान्यात "आडनाव नाव वडील/पती" या क्रमाने. 'ब' ही शेतकी विभागाची ऊस नोंद. २२,००० ओळी, नाव, मधलं नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत, आणि साधारण तिसरा हिस्सा इंग्रजी स्पेलिंगमध्ये. दोन्हींत गाव, गट क्रमांक आणि मोबाइल आहे. जन्मतारीख अर्ध्याच नोंदींना आहे. सभासद क्रमांक ऊस नोंदीत कुणी भरतच नाही, त्यामुळे थेट जोड नाही. गावं ६०.

स्प्लिंक (नोंदी जुळवणारी पायथन लायब्ररी) वापरतोय. आत्ताची मांडणी अशी: पायथनमधून विरामचिन्हं काढतो, श्री/सौ/कै आणि राव/बाई उडवतो, नावातले शब्द वर्णक्रमाने लावतो म्हणजे क्रमाचा प्रश्न मिटतो, मग पूर्ण नावावर जारो-विंकलर (दोन शब्दांतलं साम्य ० ते १ मध्ये मोजणारं सूत्र). गाव, तालुका, गट आणि मोबाइल यांवर तंतोतंत तुलना.

निकाल: पाटील आणि पटेल 'तंतोतंत सारखे' येतात. बापलेक आणि सख्खे भाऊ एकच व्यक्ती ठरतात. आणि एका गठ्ठ्यात ११३ माणसं एकत्र आली आहेत. कुठली सेटिंग्ज बदलू?

---

खुर्द_बुद्रुक:

तुमची बहुतेक गडबड तुलनेच्या आधीच होते आहे. प्रमाणीकरणात जे पुसलं ते पुढे कुठल्याच सेटिंगने परत येत नाही. तुलनेत मात्र तोच फरक कमी-जास्त वजनाने मोजता येतो. म्हणून प्रत्येक रकान्याच्या तीन आवृत्त्या ठेवा: मूळ (हात लावायचा नाही), प्रमाण (फक्त लेखनातला गोंधळ काढलेला) आणि चावी (उच्चारापुरती आखडलेली, फक्त ब्लॉकिंगसाठी, म्हणजे कुठल्या जोड्या तपासायच्या ते आधी निवडण्यासाठी, आणि तुलनेच्या एका खालच्या पायरीसाठी).

आता एकेक.

पाटील-पटेल. तुम्ही रिजेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायची भाषा) "वर्ड कॅरेक्टर आणि स्पेस सोडून सगळं काढ" असं लिहिलेलं असणार. पायथनच्या मूळ रिजेक्स मॉड्यूलला मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही 'वर्ड कॅरेक्टर' वाटत नाहीत, कारण युनिकोडमध्ये ती अक्षरं नसून जोडचिन्हं आहेत. तो ती सगळी सोलून काढतो. पाटीलचं 'पटल', पटेलचंही 'पटल', शिंदेचं 'शद'. काय ठेवायचं ते नकारात न सांगता थेट सांगा: देवनागरीचा युनिकोड ब्लॉक (०९०० ते ०९७एफ), इंग्रजी अक्षरं, अंक, स्पेस. या ब्लॉकातच दंड, दुहेरी दंड आणि संक्षेपाचं छोटं वर्तुळही येतं, ते वेगळं काढा.

त्याआधी या क्रमाने:

१. युनिकोड एनएफसी (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी एका रूपात आणणं). याने नुक्त्याचे प्रकार एक होतात. पण 'ॲ' एका चिन्हाचा आणि 'अ' अधिक चंद्र असा दोन चिन्हांचा, हे एनएफसी एक करत नाही. तो बदल हाताने लिहा, नाहीतर 'ॲड.' कधी ओळखलं जाईल, कधी नाही.

२. ऱ्ह, ऱ्य. 'कुऱ्हाडे', 'बऱ्हाटे' ही आडनावं दोन तऱ्हांनी टंकली जातात: 'ऱ' अधिक हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि मागे झिरो विड्थ जॉइनर. आधी दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर करा आणि नंतरच अदृश्य जॉइनर व नॉन-जॉइनर काढा. क्रम उलटा झाला तर 'कुऱ्हाडे'चं रफारवालं 'कुर्हाडे' होतं आणि दोन्ही नोंदी कायमच्या वेगळ्या पडतात. पडद्यावर बघून हे कळत नाही, कोडपॉइंट (चिन्हांचे युनिकोड क्रमांक) छापून बघा.

३. अनुस्वार. 'शिन्दे' आणि 'शिंदे', 'सम्भाजी' आणि 'संभाजी'. पुढे त्याच वर्गातलं व्यंजन असेल तर अर्ध्या ङ ञ ण न म चा अनुस्वार करा. 'जगन्नाथ' आणि 'अण्णा' यांना धक्का लागू नये म्हणून पुढचं अक्षर स्वतः अनुनासिक असेल तर सोडून द्या.

४. अंक सगळे एकाच प्रकारचे.

५. '-', '०', 'निरंक', 'माहिती नाही', 'एनए', दहा वेळा नऊ असलेला मोबाइल: हे सगळं खरंखुरं नल ('माहिती नाही' ही संगणकाची खूण) करा. रिकामी स्ट्रिंग नल नसते. दोन रिकाम्या स्ट्रिंगा तंतोतंत जुळतात आणि भरघोस वजन घेऊन जातात. तुमच्या ११३ जणांच्या गठ्ठ्यात हे एक कारण असू शकतं.

ऱ्हस्व-दीर्घ इथे सारखं करू नका. ते काम चावीचं.

बापलेक. शब्द वर्णक्रमाने लावल्यामुळेच ते एक होतात. 'पाटील रामचंद्र गणपत' आणि 'पाटील गणपत रामचंद्र' हे आपल्याकडे बाप आणि मुलगा असतात, आजोबांचं नाव नातवाला ठेवलं की ही उलटापालट घराघरात सापडते. ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या साधनातली फिंगरप्रिंट पद्धतही शब्द असेच लावते. उत्पादनांच्या यादीला उत्तम, आपल्या नावांना घातक. 'अ' यादीचा क्रम ठरलेला आहे ना? मग तीन रकाने पाडा. चौथा शब्द निघाला, किंवा 'उर्फ', 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता), 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) सापडलं तर ती ओळ वेगळ्या यादीत काढून हाताने बघा. क्रमाची शंका असलेल्या ओळींपुरती 'नाव आणि मधलं नाव अदलाबदल' अशी वेगळी तुलना-पायरी द्या, तिला तिचं वजन मिळेल.

श्री/सौ/कै उडवू नका, 'उपाधी' रकान्यात हलवा. 'कै.' म्हणजे सभासद मयत आहे आणि ऊस नोंद बहुधा वारसाची आहे, ती वेगळी व्यक्ती. 'सौ.' पुढे उपयोगी पडेल.

गाव नावाने जुळवूच नका. साठच गावं आहेत, तासाभरात तक्ता होतो: डावीकडे दोन्ही याद्यांत आलेली प्रत्येक लिखावट, उजवीकडे लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला गावाचा कोड. बु. आणि खु. कधीही गाळू नका, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही दोन गावं आहेत. जिल्हा-तालुक्याची नावं बदलली तेव्हा (उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर) जुन्या नोंदी जुन्या नावानेच राहिल्या, कोड लावला की तो प्रश्नही उरत नाही.

---

शेतकी_संगणक:

रिजेक्स बदललं, तीन रकाने पाडले. पाटील-पटेल सुटले, बापलेकही बरेच सुटले. आता नवीन अडचण. जारो-विंकलरचा उंबरठा ०.९० ठेवला तर 'मीना' आणि 'मिना' जुळत नाहीत. ०.८५ वर आणला तर 'देशमुख' आणि 'देशपांडे' जुळतात! एसक्यूएल इंजिन त्यांना ०.८८ देतंय. पायथनमध्ये रॅपिडफझ या लायब्ररीने तपासलं तर तीच जोडी ०.६३. एकाच सूत्राची दोन उत्तरं कशी?

---

एक_बाइट:

सूत्र एकच आहे. तुमचं एसक्यूएल इंजिन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतंय.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. पहिला बाइट कायम तोच, दुसरा दोनपैकी एक, खरा फरक फक्त तिसऱ्यात. म्हणजे काहीही संबंध नसलेली दोन नावं घेतली तरी अर्ध्याहून जास्त बाइट आयतेच जुळतात. वर जारो-विंकलर सुरुवातीच्या चार चिन्हांपर्यंत बोनस देतो. बाइटवर चालवला तर पहिलं एक अक्षर जुळलं की तीन बाइट आणि पुढच्याचा पहिला बाइट, झाले चार: पूर्ण बोनस एका अक्षरावर.

'देशमुख'मध्ये ६ चिन्हं, 'देशपांडे'मध्ये ८, जुळणारी पहिली ३. जारो: (३/६ + ३/८ + १) भागिले ३ = ०.६२५. रॅपिडफझ ०.७ च्या वरच्या गुणालाच बोनस देतं, म्हणून तिथे ०.६३ च. हे बरोबर. बाइटवर १८ आणि २४ पैकी १५ जुळतात आणि गुण ०.८८ वर जातो.

तपासायची सोपी युक्ती: इंजिनाला 'राम' आणि 'रामा' यांतलं लेव्हनश्टाइन अंतर (एकाचं दुसरं करायला किती बदल लागतात) विचारा. १ आलं तर अक्षरं मोजतंय, ३ आलं तर बाइट. ('क' आणि 'ख' देऊन बघू नका, त्यांचा एकच बाइट वेगळा आहे, दोन्हीकडे १ येईल आणि फसाल.)

उपाय दोन. रॅपिडफझचं फंक्शन इंजिनात यूडीएफ (बाहेरून जोडलेलं स्वतःचं फंक्शन) म्हणून नोंदवा, हळू चालतं पण ब्लॉकिंगनंतरच्या काही लाख जोड्यांना पुरतं. किंवा प्रत्येक देवनागरी चिन्हाला एक-बाइटी छापील चिन्ह नेमून दिलेला जादा रकाना बनवा आणि तुलना त्याच्यावर करा. नावांत प्रत्यक्ष लागणारी चिन्हं सत्तरच्या आत आहेत, छापील एक-बाइटी चिन्हं ९४, त्यामुळे जागा पुरते. माणसाला वाचता येणार नाही, पण तो रकाना वाचायला नाहीच.

मीना-मिना मात्र अक्षरांवर मोजूनही ०.८५ च येतं: चारांतली तीन जुळली, ०.८३, अधिक एका अक्षराचा बोनस. आपली नावं देवनागरीत आखूड असतात, एका मात्रेने गुण धाडकन पडतो. उंबरठा खाली ओढून हे सुटणार नाही, त्यासाठी चावी हवी.

---

खुर्द_बुद्रुक:

चावीबद्दल, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगचाही प्रश्न त्यातच मिटेल.

देवनागरीचं इंग्रजी लिप्यंतर करून तुलना करण्याच्या फंदात पडू नका. 'रामचंद्र'मधला न उच्चारला जाणारा 'अ' लिप्यंतरात येतो, माणसांनी लिहिलेल्या स्पेलिंगमध्ये येत नाही. साउंडेक्सही (इंग्रजी उच्चारावरून कोड देणारी पद्धत) नको: तो पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवतो, आणि 'विठ्ठल' कुणी व्हीने सुरू करतो, कुणी डब्ल्यूने. दोन कोड पडले, संपलं.

दोन्ही लिप्यांतून एकाच व्यंजन-सांगाड्यावर या. स्वर आणि मात्रा काढा (शब्दाच्या सुरुवातीचा स्वर ठेवा, सगळ्यांचा 'अ' करून). अनुस्वार पुढे प-वर्ग असेल तर म, नाहीतर न. मग श ष स एक, ण न एक, ळ ल एक, ट ठ त थ एक, ड ढ द ध एक, ख चा क, घ चा ग, छ चा च, झ चा ज, फ चा प, भ चा ब. 'ह' गाळा, कारण इंग्रजीत एचचा भरवसा नाही. लागोपाठ तेच व्यंजन आलं तर एकच. इंग्रजीकडून येताना व्ही आणि डब्ल्यू दोन्हींचा व, झेडचा ज.

दोन अपवाद आधी हाताळा. ज्ञ: ज्ञानेश्वर इंग्रजीत डीएनवाय, जीवाय आणि जेएन अशा तिन्ही तऱ्हांनी लिहितात, देवनागरीतला ज्ञ आणि हे तिन्ही एकाच चिन्हावर आणा. क्ष: लक्ष्मण एक्सने आणि केएसएचने, तेही एकत्र.

'विठ्ठल'ची चावी व-त-ल, मीना-मिना म-न. पण 'मनू' आणि 'मोहन'सुद्धा म-न! पाटील-पटेलही पुन्हा एक. म्हणून चावी ही तुलनेची शेवटून दुसरी पायरी: तंतोतंत, मग जारो-विंकलर ०.९०, मग चावी सारखी, मग 'बाकी सगळं'. वजन स्प्लिंक स्वतः शिकेल आणि ते कमीच येईल, यायलाच हवं.

---

लॉग_दोन:

आता रकान्यांचं वजन, कारण भाऊ-भाऊ अजून सुटलेले नाहीत.

स्प्लिंकच्या मुळाशी फेलेगी आणि सन्टर यांचं १९६९ चं प्रारूप आहे. प्रत्येक पायरीला दोन शक्यता: एम, म्हणजे व्यक्ती एकच असताना हा निकाल येण्याची, आणि यू, म्हणजे वेगळ्या असताना योगायोगाने येण्याची. वजन = दोनाच्या पायावर लॉग (एम/यू). एम ०.९५ धरा. गावात तीस टक्के पाटील असतील तर 'पाटील' जुळण्याचं वजन १.७. हजारात दोन असणारं आडनाव जुळलं तर ८.९. तुमच्या मांडणीत दोन्हींना सारखंच माप मिळतंय. नाव आणि आडनाव दोन्हींना टर्म फ्रिक्वेन्सी अॅडजस्टमेंट चालू करा.

पुढचं गृहीतक असं, की रकाने एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. तुम्ही गाव आणि तालुका दोन्ही घातलेत. गाव जुळलं की तालुका जुळणारच, म्हणजे एकाच पुराव्याचे दोनदा गुण. तालुका काढा. भावांचंही हेच: आडनाव, वडिलांचं नाव, गाव, गट, मोबाइल सगळं एका घराचं, आणि प्रारूप ते पाच स्वतंत्र पुरावे समजतं. पहिलं नाव न जुळल्याचं वजन (एम ०.०३, यू ०.९७ धरलं तर) उणे ५ येतं, ते एवढ्या बेरजेपुढे टिकत नाही. गट आणि मोबाइल मिळून 'घर' अशी एकच तुलना करा: दोन्ही जुळले, एक जुळला, एकही नाही. आणि अंदाज निघाल्यावर एक सरळ नियम: पहिलं नाव 'बाकी सगळं' पायरीवर असेल तर गुण कितीही असो, जोडी आपोआप स्वीकारायची नाही.

बायकांच्या नोंदींना वेगळी पायरी लागते. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, कधी पहिलंही. उपाधी 'सौ.' किंवा 'श्रीमती' असेल आणि मधलं नाव जुळत नसेल तर ती पायरी 'बाकी सगळं'पासून वेगळी काढा, म्हणजे तिला स्वतःचं सौम्य उणे वजन मिळेल.

जन्मतारखेत १ जून आणि १ जानेवारी वेगळ्या काढा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेला १ जून अख्ख्या पिढीला आहे. अशा तारखांत फक्त साल खरं धरायचं, तेही एका वर्षाच्या फरकाने.

उंबरठा कुठे? जोड्या १८,००० गुणिले २२,००० म्हणजे ३९ कोटी ६० लाख. खऱ्या जुळण्या १५,००० असतील असं धरलं तर कुठलीही जोडी खरी असण्याची शक्यता २६,४०० त एक, म्हणजे सुरुवातच उणे १४.७ पासून. रकान्यांच्या वजनांची बेरीज १४.७ झाली तर पन्नास-पन्नास, १८.९ ला ९५ टक्के, २१.३ ला ९९ टक्के. २१ च्या वर स्वीकारा, १५ ते २१ माणसाने बघा.

---

शेतकी_संगणक:

ब्लॉकिंग सध्या फक्त गावावर आहे. ते पुरेल का? आणि ११३ चा गठ्ठा नल दुरुस्त करून ७० वर आलाय, गेला नाही.

---

लॉग_दोन:

गाव फक्त ठेवलं तर गावं सारखी असली तरी ६६ लाख जोड्या होतात, मोठी गावं असल्याने प्रत्यक्षात जास्त. चालतं. अडचण वेगळीच आहे: गाव चुकलेली नोंद कधी समोरच येणार नाही. ब्लॉकमध्ये न आलेल्या जोडीला कुठलंही वजन वाचवत नाही. चार नियम ठेवा, कुठल्याही एकात आली तरी जोडी तपासली जाते: (१) गाव-कोड आणि पहिल्या नावाची चावी; (२) मोबाइल; (३) गाव-कोड आणि गट; (४) जन्मसाल, पहिल्या नावाची चावी आणि आडनावाची चावी एकत्र.

शिकवताना यू आधी यादृच्छिक नमुन्यावरून काढा, मग एमसाठी ईएम (अंदाज फेरीफेरीने सुधारत नेणारी पद्धत) दोनदा चालवा, एकदा मोबाइलवर ब्लॉक करून, एकदा नाव-आडनावाच्या चाव्यांवर. ज्या रकान्यावर ब्लॉक केलंय त्याचा एम त्या फेरीत निघत नाही, म्हणून एका फेरीत भागत नाही.

---

खुर्द_बुद्रुक:

७० चा गठ्ठा: मोबाइलची वारंवारता काढा. एकच नंबर साठ-सत्तर ओळींवर असेल तर तो चिटबॉयचा आहे. शेतकऱ्याचा नंबर मिळाला नाही की नोंद करणारा स्वतःचा टाकतो. पाचपेक्षा जास्त वेगवेगळ्या पहिल्या नावांवर आलेला मोबाइल नल करा, ब्लॉकिंगमधूनही काढा.

गट क्रमांकही बघून घ्या. '१२/३' एक्सेलने तारीख करून टाकलेला असतो, '१२-मार्च' किंवा '३-डिसेंबर'. कुठला अंक आधी होता हे संगणकाच्या तारीख-सेटिंगवर ठरतं, त्यामुळे अंदाजाने उलटवू नका, मूळ फाइल टेक्स्ट रकाना म्हणून पुन्हा आयात करा. '१२३/२/अ', '१२३/२अ' आणि इंग्रजी ए वालं, हे तिन्ही गट, हिस्सा, पोटहिस्सा असे तीन तुकडे करून साठवा. गट जुळला पण हिस्सा नाही, ही वेगळी पायरी. भावांची वाटणी झालेली असते तेव्हा नेमका तोच फरक कामी येतो.

---

एक_बाइट:

राहिलेली एक गोष्ट. गठ्ठा बनवताना स्प्लिंक जोड्यांची साखळी धरतो: क-ख जुळले, ख-ग जुळले, की क-ख-ग एक, जरी क-ग ची जोडी उणे वजनाची असली तरी. म्हणून गठ्ठ्यांसाठी उंबरठा स्वीकारण्याच्या उंबरठ्यापेक्षा खाली ठेवू नका. 'ब' मध्ये एका शेतकऱ्याच्या दोन-तीन प्लॉटच्या ओळी येणारच, तेव्हा मोठा गठ्ठा म्हणजे चूकच असं नाही. पण एका गठ्ठ्यात 'अ' मधले दोन सभासद क्रमांक आले तर ते वेगळे काढून बघा: एकतर भाऊ आहेत, नाहीतर सभासद यादीतच दुबार नाव आहे. त्या ओळींचा वॉटरफॉल तक्ता (रकानावार वजनं दाखवणारा स्प्लिंकचा आलेख) उघडलात की कुठल्या रकान्याने ढकललं ते लगेच दिसेल.